हो म्हणेन, पण मनात नाही

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणाऱ्या बाई मूळच्या सावंतवाडीकडच्या. गेली 12 वर्षं म्हापशाच्या एका इस्पितळात नर्स आहेत. बहीण बार्देशातच दिलेली. बहिणीची मुलगी 16 वर्षांची, तीन आठवड्यांनी तिचं कन्फर्मेशन, म्हणजे बाप्तिस्म्याची वचनं स्वतःच्या तोंडानं पुन्हा देण्याचा संस्कार. बाप्तिस्म्याची मद्रीन (धर्ममाता) परदेशात, म्हणून मुलीनं मावशीलाच मद्रीन व्हायला सांगितलं. मावशी हरखली. परवा मात्र मुलगी म्हणाली, "मावशी, मी तिथं हो म्हणेन, पण मनात नाही. अर्ध्या गोष्टींवर माझा विश्वासच बसत नाही. आईला सांगू नकोस." इकडे बहिणीचा फोन: "तुझं ऐकते ती, जरा नीट समजाव." बाई विचारतात, "ड्यूटीमुळे महिन्यातले दोन रविवार माझीच मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकते. मी कसली मद्रीन? माघार घेऊ का? बहिणीला सांगून टाकू का? की 'सगळेच म्हणतात, तूही म्हण' म्हणून वेळ मारून नेऊ?" शेवटी लिहितात, "मुलगी चर्चच्या कॉयरमध्ये (गायनवृंदात) व्हायोलिन वाजवायची. तिला आजोबांनी शिकवलेलं. त्यांच्या आजारपणात ती जुन्या गोव्याला नोव्हेनाला (फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांना) चालत गेली होती. ते गेल्यापासून व्हायोलिनही सोडलंय."

प्रिय मावशी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं मनात जुळवायला लागले होते. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या चार ओळींवर अडकले. तुम्ही त्या जाता जाता लिहिल्यात, पाकीट बंद करण्याआधी आठवल्यासारख्या. मला वाटतं, खरं पत्र तिथंच आहे. पण तिकडे मागाहून येते, कारण तुमच्या डोक्यात आत्ता माघारीचा किडा वळवळतोय आणि तो आधी काढायला हवा.

माघार घेऊ नका.

चर्चचा नियम मद्रीनकडून काय मागतो ते बघा. ती कॅथलिक हवी, तिचं स्वतःचं कन्फर्मेशन झालेलं हवं, वय साधारण 16 च्या पुढे हवं, तिची राहणी श्रद्धेला शोभेल अशी हवी आणि ती मुलीची आई नसावी. बस्स. तिच्या मनात कधी शंका येऊ नये, असं कुठंही लिहिलेलं नाही. मिस्सा चुकण्याबद्दल म्हणाल तर रुग्णाची सेवा हे चर्चनंही मान्य केलेलं कारण आहे. आणि शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरली जाते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. (ठाऊक असूनही जमत नसेल, तर त्यात ड्यूटी किती आणि कंटाळा किती, ते तुमचं तुम्हाला माहीत. मी हिशेब मागत नाही.)

तुमच्या भाचीला हे सगळं दिसत नाही असं वाटतं का तुम्हाला? गावात रोज रोझरी म्हणणाऱ्या, पुढच्या बाकावर बसणाऱ्या बायका काही कमी नसतील. त्यातली एकही तिनं निवडली नाही. निवडली ती नाइट करून डोळे चोळत घरी येणारी मावशी. आणि जे आईला सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही मद्रीनचं काम अजून सुरू व्हायचंय असं धरून चालला आहात. माझ्या मते ते परवाच सुरू झालं.

आता तिच्या त्या वाक्याकडे येऊ. "हो म्हणेन, पण मनात नाही." हे ऐकून तुमच्या पोटात गोळा आला. मला मात्र ऐकून बरं वाटलं, आणि का ते सांगते.

माझं कन्फर्मेशन झालं ते सावंतवाडीकडे. तेव्हा सिंधुदुर्ग हा वेगळा धर्मप्रांत नव्हता, तो 2005 साली झाला. आम्ही पुण्याच्या बिशपांच्या हाताखाली. ते इतक्या लांबून काही वर्षांनी एकदा यायचे, म्हणून लहानमोठी सगळी मुलं एकदमच रांगेत उभी केलेली. माझ्या पुढे मिशी फुटलेला एक मुलगा, मागे दात पडलेली एक मुलगी. पायात नवे बूट, टाचेला चावणारे. "सैतानाला नाकारता का?" असं विचारलं तेव्हा मी सगळ्यांत मोठ्यानं "हो" म्हटलं, कारण लवकर आटपलं तर बूट काढता येणार होते. देवबाप, पुत्र, पवित्र आत्मा, पापांची क्षमा, देहाचं पुनरुत्थान, सगळ्याला हो. काय विचारलं जातंय ते कानात शिरलंच नव्हतं.

तुमच्या भाचीच्या कानात ते शिरलंय. वर्गातल्या पंधरा-वीस मुलांत कदाचित तिच्या एकटीच्याच. जे वचन द्यायचं ते खरं असावं असं तिला वाटतं, म्हणून तर ती अडली. जिला धर्माचं काहीच वाटत नाही ती मुलगी अडत नाही. ती हो म्हणते, फोटो काढते, सोरपोतेल खाते आणि मोकळी होते. तेव्हा "पोरगी हातची गेली" हे जे तुम्ही मनातल्या मनात ठरवून टाकलंय, ते आधी बाजूला ठेवा.

पण म्हणून तिचा नकार गोंजारत बसा, असंही मी म्हणत नाही. तिला एक गोष्ट नक्की विचारा, आणि घाईत नको. विश्वास *बसत* नाही, की विश्वास *नको* आहे? आपल्या भाषेत या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मार्कच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, आजारी मुलाचा बाप येशूसमोर उभा राहून एका दमात दोन्ही बोलतो: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. येशूनं त्याला "आधी पक्कं ठरव आणि मग ये" असं सांगून परत पाठवलं नाही. पोरगं बरं केलं. तुमची भाची जर म्हणाली, "मला हवंय गं, पण जमत नाही," तर माझ्या मते तेवढा होकार पुरतो. त्यापेक्षा मोठा होकार घेऊन त्या बाकांवर किती जण बसलेले असतात, कोण जाणे. पण ती जर म्हणाली, "मला नकोच आहे, घरच्यांसाठी करतेय," तर मात्र थांबायला हवं. त्याबद्दल पुढे.

हे विचारायचं कसं? समोर बसवून "बोल" म्हटलं तर ती बोलणार नाही, सोळाव्या वर्षी कुणीच बोलत नाही. वचनांचा कागद तिच्याकडे असेलच, त्यांना तयारीला देतात. तो घ्या आणि एक पेन्सिल घ्या. तिला म्हणावं, जिथं मनापासून हो म्हणता येतं तिथं टिंब कर, जिथं अडतेस तिथं रेघ मार. तुम्ही स्वतःही करा, वेगळ्या कागदावर. मग कागद बदला. तुमच्याही कागदावर एखादी रेघ असेल तर ती खोडू नका. तिला "अर्ध्या गोष्टी" वाटतात त्या मोजल्यावर बहुधा दोन किंवा तीन निघतील. आणि मला असं वाटतंय, चूक असेन तर तुम्ही मला पुन्हा लिहा, की त्यातली एक रेघ देहाच्या पुनरुत्थानावर असेल.

म्हणजे आजोबांवर.

आता त्या चार ओळी. ही मुलगी आजोबांसाठी जुन्या गोव्याला चालत गेली. नोव्हेना 24 नोव्हेंबरला सुरू होते, 3 डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त. त्या दिवसांत पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेनं चालणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. चपला हातात घेतलेली, कुणी माळ ओढत, कुणी नुसतं गप्प. तीही त्यातलीच एक. चालून पाय सुजले असतील तिचे. आणि आजोबा गेले. त्यानंतर व्हायोलिन पेटीत गेलं. क्रम बघा, मावशी. आधी वाद्य बंद झालं, मग विश्वास. तुमची बहीण हिला "देवधर्माचं समजावायला" सांगतेय. पण जिनं एवढं चालून मागितलं आणि मिळालं नाही, तिला देवधर्म समजावण्याइतके शब्द तुमच्याकडे नाहीत. माझ्याकडेही नाहीत.

तेव्हा "देवाची इच्छा" म्हणू नका. "आजोबा वरून बघतायत, त्यांच्यासाठी तरी हो म्हण" हे तर अजिबात नको. त्यात मेलेल्या माणसाला तुम्ही जिवंत पोरीवर दबाव टाकायला लावता. तुम्ही नर्स आहात. रात्री तीन वाजता वॉर्डात माणूस जातो तेव्हा बाहेरच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांना तुम्ही काय सांगता? बहुतेक काहीच नाही. पाणी आणून देता, शेजारी बसता. तेच इथं करा. आणि कधी तरी, कन्फर्मेशनच्या आधी किंवा नंतर, तिला सांगा की अशा रात्रींनंतर तुमचं देवाशी काय चालतं. खरं काय ते. तुम्हीही कधी भांडला असाल. ते तिला ऐकू दे.

एक इशारा मात्र. तिचा प्रश्न दुःखातून आला, म्हणून तो खरा प्रश्न नाही असं समजू नका. "तुला आजोबांची आठवण येते म्हणून असं वाटतंय, होईल बरं" असं म्हणून तो गुंडाळलात तर ती तुम्हालाही पुढचं काही सांगणार नाही. मागितलं ते का मिळत नाही, हे स्तोत्रकर्त्यांनीही विचारलंय, आणि क्रुसावरून येशूनंही विचारलंय.

प्रश्न विचारणं म्हणजे पाखंड, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. माझ्या लहानपणी दोतोर्नीच्या, म्हणजे धर्मशिकवणीच्या, वर्गात एका मुलानं काही तरी विचारलं तर त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. काय विचारलं होतं ते आठवत नाही, त्याची पाठ आठवते. गंमत अशी की याच गोव्यात, रायतूरला, 1616 साली फादर थॉमस स्टीफन्सनं मराठीत 'ख्रिस्तपुराण' छापलं, आणि ते सुरूच होतं धर्मशिकवणीच्या वेळी विचारलेल्या प्रश्नानं. साष्टीतला एक नवा ख्रिस्ती उठून पाद्रीला म्हणतो, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्या जागी दुसरं काही का देत नाही? चांगलाच टोचणारा प्रश्न. पाद्रीनं त्याला भिंतीकडे उभं केलं नाही. त्याला उत्तर म्हणून जवळपास 11 हजार ओव्या झाल्या. मुलांना दोतोर्न शिकवणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांना एवढंच म्हणेन: 11 हजार ओव्या नकोत, "मलाही नीट माहीत नाही, विचारून सांगतो" हे एक वाक्य पुरे.

आता बहीण. तिला तुम्ही सांगू नका, पण तिच्याशी खोटंही बोलू नका. तिचा पुन्हा फोन आला तर म्हणा, "आम्ही बोलतोय, ती मनावर घेऊन विचार करतेय, थोडा वेळ दे." हे खरंच आहे. आणि भाचीला सांगा, "मी तुझं गुपित फोडणार नाही, पण हे तू आईला स्वतः सांगावंस असं मला वाटतं. तू म्हणशील तेव्हा मी शेजारी बसेन." दिवस ठरवून घ्या, येता रविवार म्हणा, नाही तर तीन आठवडे हां हां म्हणता निघून जातील. तुमची बहीण चिडेल, रडेलही. तिला वाटेल, माझंच कुठं तरी चुकलं. तिच्याही घरातून माणूस गेलंय हे विसरू नका. रोज सासऱ्यांना औषधपाणी तिनंच केलं असेल, आणि त्यानंतर तिला कुणी "तू कशी आहेस" असं विचारलं की नाही, देव जाणे. तुम्ही विचारा.

मग विगार, म्हणजे चर्चचे मुख्य फादर. पुष्कळ मुलांना वाटतं की फादरला हे सांगितलं तर ते यादीतून नाव काढतील किंवा घरी कळवतील. कन्फर्मेशनच्या आधी कुमसाराला, म्हणजे फादरपाशी पापांची कबुली द्यायला, जावंच लागतं, आणि तिथं बोललेलं फादर मरेपर्यंत कुणाला सांगू शकत नाही. तिथं नको वाटलं तर चर्चच्या आवारात, झाडाखाली, तुम्ही बरोबर असताना बोलू दे. फादरशी जमत नसेल तर एखादी सिस्टर, नाही तर कॉयरचे मास्तर. मोठं माणूस हवं आणि ते दचकणारं नको.

आणि ती "नको" म्हणाली तर? मग हे पुढे ढकलायचं. मला माहीत आहे, हे वाचून बहिणीच्या घरात काय होईल. हॉल ठरलेला, केक सांगितलेला, दुबईहून कुणाचं तरी तिकीट काढलेलं. "शेजारपाजारच्यांना काय सांगायचं?" पण नियम बघितला तर समज आलेल्या माणसानं हा संस्कार घ्यायचा तो तयारीनं आणि बाप्तिस्म्याची वचनं स्वतःच्या तोंडानं पुन्हा देण्याजोगा असताना. अमुक वर्षी घेतला नाही तर दार बंद, असं नाही. पुढच्या वर्षी घेता येतो, विसाव्या वर्षी घेता येतो. लग्न चर्चमध्ये व्हायचं असेल तर त्याआधी घ्यावा, असं चर्च सांगतं. पण ते तिच्यापासून अजून दूर आहे आणि आत्ता त्याचा धाक घालू नका. उलट, हा संस्कार आयुष्यात एकदाच होतो, पुन्हा करता येत नाही. जे एकदाच होणार, ते चार महिने उशिरा झालं तर बिघडलं काय?

आमच्या शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या होत्या, "म्हणजे तुमच्यातली मुंजच की!" मी हसून हो म्हटलं. पण नंतर वाटलं, एक फरक आहे. मुंजीत बटूला "तुला हवंय का?" असं कुणी विचारत नाही. इथं ज्याचा त्याला प्रश्न विचारतात, आणि प्रश्न विचारला म्हणजे "नाही" हे उत्तरही येऊ शकतं हे धरून चालायला हवं. आपण मराठी ख्रिस्ती माणसं कवी ना. वा. टिळकांचे अभंग डोळे मिटून गातो. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला 1895 मध्ये. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागून लगेच गेल्या नाहीत. नवरा तोच, संसार तोच, पण स्वतःला पटेपर्यंत त्या थांबल्या आणि 1900 मध्ये, पटल्यावर, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या पाच वर्षांबद्दल आज त्यांना कुणी नावं ठेवत नाही.

समजा, ती "हवंय" म्हणाली आणि सगळं यथासांग पार पडलं. बिशपांनी अंगठ्यानं तिच्या कपाळावर तेलाचा क्रूस काढला. ते क्रिस्माचं तेल, ऑलिव्हच्या तेलात बाल्सम घातलेलं, वास दिवसभर जात नाही. माझ्या आईच्या वेळी तर बिशप गालावर हलकी चापटही मारायचे, आता तू ख्रिस्ताचा शिपाई म्हणून. 1971 च्या नव्या विधीत ती चापट गेली. आई म्हणायची, चापट गेली तशी आठवणही गेली. मग काय? मग सोमवार येतो. माझा अनुभव असा की मुलं गळतात ती त्या सोमवारपासून. दोतोर्न संपली, वह्या रद्दीत गेल्या, आता रविवारी सकाळी झोप. घरच्यांना वाटतं, काम झालं. मद्रीनचं खरं काम तेव्हा लागतं.

त्यासाठी तिला कुठल्या युवक शिबिरात ढकलायची गरज नाही. जायचं असेल तर जाऊ दे. मी तुम्हाला इतकंच सुचवेन की देवाच्या घरातलं एक काम तिचं स्वतःचं होऊ दे, जे ती आली नाही तर अडेल. मिस्सेत वाचन करणं असेल, व्हिन्सेंट दी पॉल या सेवामंडळाच्या मंडळींबरोबर एखाद्या एकट्या म्हातारीला भेटायला जाणं असेल. आणि व्हायोलिन. ते तिला "परत वाजव" म्हणून सांगू नका. मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसापाशी (क्रुसापाशी) लदीन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना, असते ना, तिथं तिला घेऊन जा. चर्चपेक्षा तिथं मोकळं असतं. मेणबत्त्या वाऱ्यानं विझतात, कुणी तरी परत पेटवतं, लॅटिनमधली गाणी निम्म्यांना पाठ आणि निम्म्यांना नुसती चाल माहीत, आणि शेवटी कागदाच्या पुडीत उकडलेले चणे नि खोबऱ्याचे तुकडे. एखाद्या वर्षी तिथं व्हायोलिन वाजवणारं कुणी नसेल. तिच्याकडे बघू नका. तिचं तिला कळेल.

ती प्रार्थना कुठल्या भाषेत करते, तेही एकदा विचारा. तुमची सगळी स्तोत्रं मराठीतली, तिच्या आजीची कोकणीतली, रोमी लिपीतली, आणि ती स्वतः विचार करते इंग्रजीत. घरात तीन भाषांत देव असला की कधीकधी मुलांना वाटतं, हा देव मोठ्यांचा, आपला नाही. तिला ज्या भाषेत राग येतो त्या भाषेत बोलू दे.

त्या दिवशी करायचं एवढंच आहे: तिच्या मागे उभं राहायचं, उजवा हात तिच्या खांद्यावर ठेवायचा आणि बिशपांनी विचारलं तर तिचं नाव सांगायचं. माझ्या मद्रीनचा हात घामानं ओला होता आणि जरा थरथरत होता. चाळीस वर्षं झाली, बिशप काय बोलले ते आठवत नाही, तो हात आठवतो.

आणि आदल्या रात्रीची ड्यूटी आत्ताच बदलून घ्या. नाइट करून थेट चर्चला जाऊ नका, बाकावरच डोळा लागेल.